बेटावर राह्यलेले भासरे

माह्या भासऱ्यायचं नाव मी घेत नाई. भासरे म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, अन् मोठ्या भावाचं नाव लहान भावाच्या बायकोनं घ्याचं नसते, हे आमच्या मोताळ्यात शेंबड्या पोरालेबी माहीत आहे. तुमच्या तिकडं घेत असतील तं घ्या बापा, मी काई अडवत नाई. मले फक्त येवढीच गोठ सांगायची आहे, की भासरे ओंकारेश्वराच्या बेटावर कसे राह्यले अन् माघारी कसे आले. लोकं ही गोठ तिखटमीठ लावून सांगतात. एक बाई तं म्हणते, भासरे मगरीच्या पाठीवर बसून आले. मगर! त्या बाईनं जन्मात पाल सोडून दुसरं काई पाह्यलं नाई. मी स्वता तथी होती, म्हणून मी सांगते ते आयका.

आमचा भाजीपाल्याचा मळा. वांगे, मिरच्या, मेथी, कांदे. भासरे मोठे म्हणून मळा त्यायच्या हुकुमात, अन् आमचे हे त्यायच्या हाताखाली. भासरे सोभावानं गरीब, पण चौकस. कोणतीबी वस्तू चारी बाजूनं पाह्यल्याबिगर त्यायचा इश्वास बसे नाई. मोताळ्याच्या बाजारात माठ घ्याचा असला तं कुंभारापुढं अर्धा दिवस बसत. माठ वाजवून पाहत, उलटा करत, आत डोकं घालून हाक मारत. एकडाव डोकं आतच अडकलं. अर्धा बाजार जमा झाला. शेवटी कुंभारानं सोताच्या हातानं माठ फोडला, तवा भासऱ्यायनं मोकळा श्वास घेतला अन् म्हणे, "आतून चांगला होता."

अशा माणसाचं जन्मभराचं एकच दुःख होतं. त्यायच्या बायकोनं, म्हणजे माह्या थोरल्या जावेनं, त्यायचं नाव कधी घेतलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, कोणती बायको घेते? खरं आहे. पण उखाण्यात तं घेते का नाई? हळदीकुंकवाले, डोहाळजेवणाले, बारशाले बायकोले धरतात अन् नाव घ्याले लावतात, अन् नवरा दाराआड उभा राहून आयकते. हे सगळ्या घरी चालते. माही जाऊ झुंबरबाई, मी त्यायले नुसतं बाईच म्हणत होती, त्यायचं लगन नवव्या वर्षी झालं. नाव घ्याची पाळी आली तवा त्या मांडवात झोपल्या होत्या. हालवून उठवलं तं म्हणे, "आधी भजी द्या." तसंच राहून गेलं. मंग दोन वर्षानं त्यायच्या मोठ्या बहिणीनं, रुक्मिणीनं, संक्रांतीच्या दिवशी हासत हासत नवऱ्याचं नाव घेतलं, अन् आठ दिवसानं तिचा नवरा साप चावून मेला. अकरा वर्षाच्या पोरीनं ते पाह्यलं. तिच्या मनात जे बसलं ते बसलं. नवऱ्याचं नाव जितक्यांदा घेशीन तितकं त्याचं आयुष्य कमी होते. उखाण्यात नाई, मनातबी नाई. मी म्हणत होती, "बाई, साप काई उखाणे आयकत नाई." त्या म्हणत, "तू चूप बस, तुले काय समजते."

भासऱ्यायनं काय काय नाई केलं! येवल्याचं लुगडं कबूल केलं. खोटा ताप आणला अन् वैद्याच्या नावावर सांगतलं, की बायकोनं नाव घेतल्याबिगर हा ताप उतरत नसते. बाईनं त्यायले तीन दिवस गुळवेलीचा काढा पाजला. कडू जहर तो काढा. चवथ्या दिवशी भासरे आपले आपणच बरे झाले. मले एकडाव मळ्यात म्हणे, "गीताबाई, मले दुसरं काई नको. मरायच्या आधी एकडाव तिच्या तोंडातून आयकाचं आहे." असं म्हणताना डोळे भरून आले त्यायचे. हातात कांदे होते, पण कांदे काई कापेल नव्हते.

मतदार यादीवाला आला तवा तं गंमतच झाली. बाईले म्हणे, नवऱ्याचं नाव सांगा. बाईनं माह्याकडं बोट केलं. मी म्हणलं, माहे भासरे आहेत, मी कशी सांगू? तो म्हणे, तुमच्या नवऱ्याचं सांगा. मी म्हणलं, ते तं मुळीच नाई सांगत. तो बिचारा वट्ट्यावर डोकं धरून बसला. मंग शेजारच्या शालूबाईले हाक मारली, तिनं भिंतीवरून दोनीबी नावं सांगतली अन् वरून आम्हाले हासली.

तं महाराष्ट्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, तवाची ही गोठ. कार्तिकाचा महिना होता. डोणगावचा एक सहदेव म्हणून माणूस होता, त्यानं यात्रा कंपनी काढली. कंपनी म्हणजे तो अन् त्याची सायकल. गावोगाव छापेल कागद वाटले. आम्हाले वाचता येत नव्हतं, पण भासऱ्यायनं मारुतीच्या पारावर गुरुजीकडून चार वेळा वाचून घेतलं. 'ओंकारेश्वर बेटदर्शन! चारही बाजूंनी पाणी! बसमधून संपूर्ण बेटाला प्रदक्षिणा! मार्गदर्शक सोबत!' भासरे घरी आले ते वेड्यावानी. "चारी बाजूनं पाणी म्हणजे कसं गीताबाई? आपल्या विहिरीत मधात पाणी अन् चारी बाजूनं जमीन. तथी उलटं. हे पाह्यलंच पाहिजे."

बाई म्हणे, ज्योतिर्लिंग आहे, पुण्य होईन. मी म्हणलं, मीबी येते, जन्मभर वांगेच तोडत बसू का? आमचे हे मळ्यात पाणी द्याले राह्यले.

मंग सहदेवानं बस आणली. ती बस नव्हती, तो कापूस भराचा डबडा होता, त्याच्यात बाकं ठोकेल होते. खाली हात घातला तं सरकीच सरकी. ड्रायव्हर तुळशीराम म्हणून होता, त्याचं तोंड असं की लगनाच्या घरी गेला तरी लोकं इचारतील, कोण गेलं? रीतीपरमानं माणसं पुढं बसले अन् बायका मागं. बायकोनं चारचौघांत नवऱ्याजवळ बसाचं नाई, बोलाचं तं नाईच नाई. बाई मागच्या बाकावर माह्याजवळ, अन् भासरे पुढं खिडकीपाशी. मधात पागोट्यायची भिंत.

सहदेवानं छातीवर टाचणीनं कागद लावला होता, 'मार्गदर्शक'. तो माणसं मोजाले लागला, पण माणसं काई एका जागी बसत नव्हते. कोणी बिडी प्याले उतरे, कोणी तंबाखू मागाले जाये. तीनदा मोजले अन् तीन आकडे आले. मंग त्यानं डोकं चालवलं. म्हणे, बायका एका जागी बसतात. बायका मोजाच्या अन् दुप्पट कराचे. सगळे जोड्यानंच आले आहेत. बायका निघाल्या अठरा, दुप्पट छत्तीस. मी म्हणलं, "माहा माणूस आला नाई, तो मळ्यात आहे." तो म्हणे, "हरकत नाई, तुमच्या जोडीले मी धरा."

"मेल्या!" मी म्हणलं. "तोंड पाह्यलं का?"

पुढून भासऱ्यायनं वळून अशा नजरेनं पाह्यलं की सहदेव चूप झाला. पण मोजायची त्याची रीत मात्र तीच राह्यली, हे ध्यानात ठेवा.

मार्गदर्शक म्हणून त्यानं जे काई सांगतलं ते मले अजून पाठ आहे. मलकापूर सोडलं अन् तो उभा राह्यला. "डाव्या हाताले नदी. उजव्या हाताले नदी नाई." असीरगडाजवळ म्हणे, "हा किल्ला." पंजाबराव म्हणून मेहकराकडचे एक जाडजूड पाटील होते, त्यायनं इचारलं, कोणाचा? सहदेव म्हणे, "राजाचा." कोणत्या राजाचा? "तो गेला आता." मंग भासऱ्यायनं इचारलं, "तुम्ही ओंकारेश्वरले किती खेप गेले?" सहदेवानं कागदाची टाचणी नीट केली अन् म्हणे, "ही पहिलीच."

रात खंडव्याच्या धर्मशाळेत काढली, ढेकणायनं कोणाले झोपू देलं नाई, त्याचं काई सांगत बसत नाई. सकाळी बस नर्मदेच्या काठाशी जाऊन उभी राह्यली. पुढं नदी. नदीच्या पल्याड बेट, त्याच्यावर मंदिर, अन् दोनी घाटावर कार्तिकी पुनवेची ही गर्दी! सहदेव म्हणे, "उतरा." कोणीच उतरलं नाई.

पंजाबराव म्हणे, "उतराचं काऊन? बसनं प्रदक्षिणा आहे ना?"

सहदेवानं पाण्याकडं पाह्यलं. खरं सांगते, त्याच्या तोंडावरून मले समजलं, बेट म्हणजे मधात पाणी राहते ही गोठ त्याले आताच उमजत होती. त्यानं सोताच तो कागद छापला होता! तो ड्रायव्हरले म्हणे, "काई जमते का?" तुळशीराम म्हणे, "मी हनुमान आहे का बे?"

पण लोकं हटून बसले. प्रदक्षिणेचा शब्द देला होता, प्रदक्षिणा पाहिजे. शेवटी काय केलं असंन? काठावर मोकळी जागा होती, तिच्या मधात एक पिंपळ होता. सहदेवानं बस त्या पिंपळाभोवती तीन वेळा फिरवली, अन् सोता दारात लटकून ओरडला, "ज्यायनं त्यायनं बेटाचं ध्यान करा!" सरकी उडाली, दोन बायायले उलट्या झाल्या, एका साधूचं धोतर वाळत होतं ते चाकात गेलं. साधूनं ज्या शिव्या देल्या त्या हिंदीत होत्या, म्हणून बऱ्याच जणांनी हात जोडले.

मंग नावेनं पल्याड गेलो. नाव डुलली, सहदेवाची टोपी उडाली, अन् आमच्या सगळ्यायच्या नावाची यादी त्या टोपीत ठेवेल होती. नर्मदामाईनं ती घेतली.

दर्शन झालं. देवाचं मी काई वाईट बोलत नाई, दर्शन चांगलं झालं. पण भासऱ्यायचं तोंड उतरलं होतं. ते घाटावर उभे राहून पाण्याकडं पाहत होते. एकाच बाजूनं पाणी दिसे. आमच्या देखत त्यायनं सहदेवाले म्हणलं, "एक बाजू झाली. बाकीच्या तीन कुठी आहेत?" सहदेव म्हणे, "असतीन तिकडंच. आपल्याले चार वाजता निघाचं आहे."  भासऱ्यायनं दुरून बाईकडं पाह्यलं, अन् बोट हवेत गोल फिरवलं. बोलाचं तं नव्हतंच चारचौघांत. बाईनं मान हालवली. बाईले वाटलं, देवाले एक प्रदक्षिणा घालून येतो म्हणतात. मलेबी तसंच वाटलं. देवळाभोवती फिराले कितीक वेळ लागते?

चार वाजता आम्ही परत अल्याड आलो, बसमधी बसलो. सहदेवानं बायका मोजल्या. अठरा. दुप्पट छत्तीस. "बरोबर! चला!"

दोन-तीन कोस गेलो असंन. दिवस कलला तशी बाईनं दशम्यायचा डबा काढला. भासऱ्यायले सांजच्याले काई खाल्ल्याबिगर चक्कर येते. बाईनं डबा पुढच्या बाईच्या हातात देला अन् म्हणे, "ह्यांना द्या." त्या बाईनं पुढं देला, "ह्यांना द्या." डबा हातोहात पुढं गेला. आता बसमधल्या प्रत्येक बाईचा नवरा 'हे'च होता. डबा पागोट्यायच्या भिंतीत गेला अन् बऱ्याच येळानं माघारी आला. उघडून पाह्यलं तं चारातल्या दोन दशम्या गायब. पंजाबराव मिशा पुसत म्हणे, "आमच्या घरची वाटली नाई, पण चांगली होती."

"अवो, पण यायनं घेतली नाई का?" बाई म्हणे.

"यायनं म्हणजे कोण?"

मी उभी राह्यली अन् पुढं जाऊन एकेक तोंड पाह्यलं. भासरे बसमधी नव्हते. मी जी बोंब ठोकली, तुळशीरामानं बस रस्त्याच्या खालीच उतरवली.

सहदेव काई मानाले तयार नाई. म्हणे, छत्तीसचे छत्तीस आहेत, मी मोजले. मी म्हणलं, अठराच मोजले! तो म्हणे, "बरं, कोण नाई? नाव सांगा." बाईनं तोंडाले पदर लावला. मीबी लावला. मेहकराकडच्या लोकायले आमचं नाव गाव काय माहीत? सहदेव म्हणे, "दिसाले कसे?" बाई म्हणे, "धोतर, पांढरा सदरा, पागोटं." सगळी बसच धोतर-सदरा-पागोट्यात होती. "डोळे कसे?" तशा बाई भडकल्या, "मी कायले डोळ्यात पाहाले गेली!"

अडतीस वर्षं झाली होती लग्नाले. ते आयकून मले हासू आलं, अन् मंग वाईटबी वाटलं.

बस माघारी फिरली. तुळशीराम सारखा बडबडत होता, की सकाळी त्याले मलकापुरात कापूस भराचा आहे, दिवस बुडेलोक माणूस नाई भेटला तं तो थांबणार नाई. अन् त्याच्या तोंडावरून ते खोटं वाटत नव्हतं. काठावर पोचलो तं सूर्य डोंगराले टेकला होता. अल्याडच्या काठाले एकबी नाव नव्हती. पल्याड माळेसारख्या एकीले एक लागून नावा बांधेल होत्या, अन् नावाडी आरतीले चालले होते. एकच नावाडी दोर घेऊन उभा होता. मधात नर्मदा. नदी तथी काई फार रुंद नाई, दोनी बाजूनं कडे आहेत, हाक मारली तं पल्याड जाते. पण हाक कोणाले मारायची? पल्याडच्या पायऱ्यायवर दोन-चारशे माणसं बसेल, सगळे धोतर-सदरा-पागोटं.

सहदेवानं तोंडाले हात लावून हाक मारली, "ओ काकाऽऽ!" पल्याडून शंभर हात हालले.

नावाडी ओरडला, "किसको लाना है? नाम बोलो, नाम! मैं आखरी फेरा मारूंगा, फिर बंद!"

सगळे बाईकडं पाहाले लागले. बाईनं माह्याकडं पाह्यलं. "गीता, तू घे."

"मी? भासऱ्यायचं? मले नरकात जाचं आहे का?"

सहदेव म्हणे, "माह्या कानात सांगा, मी ओरडतो." म्हणजे परक्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन नवऱ्याचं नाव! बाईनं असं पाह्यलं की तो दोन पावलं मागं सरला. मंग मलेच दया आली. मी म्हणलं, खूण सांगते, तू वळख. "कारल्यावानी आहे." सहदेवानं हाक मारली, "कारलेऽऽ!" कोणी हाललं नाई. "अरे, झाड राहते ना, त्याचा पाला चैत्रात खातात..." सहदेव ओरडला, "निंबाजीऽऽ!" पल्याडून एक खानदेशी म्हातारा उठला अन् म्हणे, "हा, काय?" त्याले सांगता सांगता पुरेवाट झाली, की बाबा, तू नाई, बस खाली.

सूर्य अर्धा गेला. नावाड्यानं दोर खुंट्याले गुंडाळाले घेतला. तुळशीरामानं भोंगा वाजवला. बाईच्या डोळ्यातून पाणी वाहाले लागलं. कार्तिकातली थंडी, आंगावर एकच सदरा, चक्कर येणारं माणूस, परका मुलूख. मी त्यायचा हात धरला. म्हणे, "गीता, घेतलं तं जातात, अन् नाई घेतलं तरी जातात. काय करू वं मी?"  राग येत होता मले, त्या रुक्मिणीचा, त्या सापाचा, अन् त्या कागद लावेल सहदेवाचा.

बाईनं डोळे पुसले. पायऱ्या उतरून पाण्यात गेल्या, घोट्यालोक. ओंजळीत पाणी घेतलं अन् म्हणे, मी आयकलं सोताच्या कानानं, "माय, कमी कराचं असंन तं माहं कर. त्यायच्यातलं घेऊ नको."

आता पुढचं सांगायचं तं मले नाव घ्या लागते. पण मी घेत नाई बरं, बाईनं घेतलं तेच सांगून राह्यली.

"कडूबाऽऽऽ!"

अशी हाक! कड्यावरून परत आली. काठावरचे कावळे उडाले. सासूची आधीची तीन लेकरं गेली होती म्हणून तिनं हे नाव ठेवलं होतं, मरणानं तोंडात घेतलं तरी थुकून द्यावं म्हणून. ते नाव बाईनं अडतीस वर्षं दातात धरून ठेवलं, अन् आता सोडलं तं साऱ्या नर्मदेनं आयकलं.

पल्याडून तीन माणसं उभे राह्यले अन् तिघायनंबी ओ देली.

काय सांगू तुम्हाले! आमच्या बुलढाण्याकडं उभ्या आडव्या गावात एक तरी कडूबा असतेच. नावाड्यानं जो हाताशी आला त्याले नावेत बसवलं अन् अल्याड आणून सोडलं. उतरला तं कोण? भासऱ्यायहून धा-वीस वर्षानं मोठा म्हातारा, दाढी वाढेल, मागं त्याची बायको. "मी दुसरबीडचा कडूबा," तो म्हणे. "मला कोणं बोलावलं?" अन् त्याची बायको सत्यभामाबाई कंबरेवर हात ठेवून आमच्या बाईकडं पाहाले लागली. "काय गं बये, माझ्या माणसाला नावानं हाका मारायला तू कोण?" आमच्या बाई मेल्याहून मेल्यासारख्या झाल्या. मीच मधात पडली. मी म्हणलं, माय, तुमचा तुमच्यापाशी ठेवा, आम्हाले आमचा पाहिजे.

नावाडी म्हणे, आता खरंच शेवटचा फेरा.

बाई परत पाण्यात गेल्या. या खेपेले त्यायनं डोळे मिटले नाईत, हात जोडले नाईत. रागानंच हाक मारली, मळ्यात ढोर घुसलं तं मारतात तशी.

"राऊतायचे कडूबाऽऽऽ! मोताळ्याचेऽऽऽ!"

अगदी खालच्या पायरीवर, पाण्याजवळ, एक माणूस बसेल होता. तो हळूच उठला. धोतर झटकलं. पागोटं नीट केलं. अन् इतक्या ठसक्यानं नावेत जाऊन बसला, जसं काई त्याले न्याले वऱ्हाड आलं आहे.

भासरे अल्याड उतरले. आंगभर धूळ, पायात काटे मोडेल, पण तोंड असं फुलेल मी कधी पाह्यलं नव्हतं. बेटाले पायी पूर्ण फेरा घालून आले होते. सगळ्यात आधी सहदेवाले म्हणे, "कागद खरा आहे. चारी बाजूनं पाणी आहे." मंग बाईसमोर उभे राह्यले. चारचौघं होते, तरी बाईनं इचारलंच.

"पहिली हाक आयकू नाई आली का?"

"आली ना."

"मंग ओ काऊन नाई देली?"

भासरे जमिनीकडं पाहाले लागले. म्हणे, "म्हणलं, दुसरी येते का पाहू."

बाईनं साऱ्या बसदेखत त्यायच्या पाठीत असा धपाटा घातला, की पागोटं पुढं येऊन नाकावर बसलं. अन् मंग पदरात तोंड घालून हमसून हमसून रडल्या. भासरे तसेच पागोटं नाकावर ठेवून उभे. पंजाबरावबी डोळे पुसत होते, दोन दशम्या खाल्ल्याची लाज वाटत असंन. उरलेल्या दोन भासऱ्यायनं बसमधी खाल्ल्या. त्या दिवशी ते मागं, बायायच्या बाकावर, बाईजवळ बसले, अन् कोणी काई बोललं नाई. सहदेवानं त्यायले मोजलं अन् परत दुप्पट केलं. त्या माणसाले अक्कल नाई ती नाईच.

घरी आल्यावर बाई आठ दिवस झोपल्या नाईत. भासरे घोरतात का नाई ते पाहत बसत. भासऱ्यायले शिंक आली तरी बाईचा जीव वरखाली. वावरात जाऊ देईनात, विहिरीवर जाऊ देईनात, सापाच्या भेवानं खाटेच्या पायायले चुना लावला. नववा दिवस उजाडला, भासरे उठले अन् म्हणे, "मी जितो आहे. आता आणखी एकडाव घे." बाई म्हणे, "दोन झाल्या, पुरे झाल्या." अन् पुन्हा आपलं 'अवो' अन् 'आयकलं का' सुरू. त्यानंतर भासरे 'अवो'ले बहिरे झाले. बाई पाटाशी येऊन दहादा 'अवो' म्हणत, ते ढिम्म हालत नव्हते. पण बाईबी कमी नव्हत्या. त्या जवळ जाऊन चिमटा काढत.

बाईनं नाव पुन्हा घेतलं नाई. त्यानंतर बावीस वर्षं जगल्या, सत्तरीले टेकल्या, अन् एका पोळ्याच्या दिवशी सकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या गेल्या. लोकं म्हणे, नर्मदामाईनं त्यायचं आयकलं, त्यायच्यातलंच घेतलं. मी म्हणते, सत्तरीत काय घेतलं बापा? पण मंग वाटते, भासरे तं अजून आहेत.

आता पंच्याऐंशी झाले. वट्ट्यावर बसेल राहतात. नातसुना आताच्या पोरी, नाव घेऊन हाक मारतात, "कडूबाबा, जेवाले चला," ते हालत नाईत. सुना म्हणतात, म्हातारा बहिरा झाला. बहिरे नाईत. पारावर कोण कोणाले काय बोललं ते संध्याकाळी मले येऊन सांगतात. हाक आली की ते मान जराशी वर करतात, अन् थांबतात. मी सुनायले सांगून ठेवलं आहे, की बाबायले बोलवाचं तं दोनदा बोलवत जा.